पहिले वर्ष वॉर्डातले

परिचर्येच्या अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा आणि रुग्णालयातील पहिली रात्रपाळी यांच्यामध्ये जे काही आठवडे किंवा महिने जातात, त्यांत निकाल लागतो, महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव चढते, नेमणुकीचे पत्र हाती पडते, गणवेश शिवून येतो. परंतु ज्या एका गोष्टीवाचून या साऱ्या दाखल्यांना अर्थ येत नाही ती गोष्ट, म्हणजे समोरच्या रुग्णाकडे पाहताच याचे काहीतरी बिघडत चालले आहे हे ओळखणारी नजर, मात्र कोणत्याही टपालाने येत नाही. ती वॉर्डात, दुसऱ्या कोणाच्या तरी शेजारी उभे राहून मिळवावी लागते. हे उभे राहणे कोणाच्या शेजारी, किती दिवस आणि कोणाच्या हुकुमाने व्हावे, एवढाच प्रस्तुत पुस्तिकेचा विषय आहे. आणि तो दिसतो तितका लहान नाही, म्हणूनच तिला ही काहीशी लांबलेली प्रस्तावना जोडण्याचे धाडस केले आहे.

कारंजा लाड हे गाव वाचकांना बहुधा दुसऱ्याच कारणांनी ठाऊक असते. श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तसंप्रदायी लोक येथील गुरुमंदिराची वाट धरतात. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन भट्टारकपीठांमुळे व येथील मंदिरांतून जपलेल्या हस्तलिखितांमुळे जैन विद्येच्या अभ्यासकांस ते परिचित आहे. आणि दिल्ली, दारव्हा, पोहा व मंगरूळ या वेशींची नावे घेतली की या कसब्याचा व्यवहार कोठकोठल्या मुलखाशी चालत असेल याची कल्पना कोणासही येते. महसुली दप्तरात १९९८ च्या जुलैपर्यंत हा तालुका अकोला जिल्ह्यात मोडत असे. वाशिम जिल्हा निराळा झाला तेव्हा तो तिकडे गेला, आणि पुढे २०१८ साली केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली तीत महाराष्ट्रातील ज्या मोजक्या जिल्ह्यांची नावे आली त्यांत वाशिमचेही आले. ‘आकांक्षित’ हे विशेषण सरकारी सौजन्याचा उत्तम नमुना आहे. ते लागले याचा सरळ अर्थ इतकाच, की आरोग्य आणि शिक्षण यांच्या मोजमापात हा जिल्हा मागे राहिलेला होता.

अशा गावच्या उपजिल्हा रुग्णालयात जी मुलगी अधिपरिचारिका म्हणून रुजू होते, तिच्यापुढे काय काय येते याचा विचार शहरातील माणसाने जरा थांबून करावा. अकोला, अमरावती आणि यवतमाळ येथील मोठी रुग्णालये तास-दीड तासाच्या अंतरावर. म्हणजे अत्यवस्थ रुग्ण तेथे पाठवावयाचा म्हटले तरी मधला तास कोणीतरी सांभाळलाच पाहिजे. पावसाळ्यात साप चावलेले शेतकरी आणि शेतमजूर येतात. कपाशी-सोयाबीनवर फवारणी सुरू झाली की विषबाधेचे रुग्ण येतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली अशा विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, हे या भागातील कोणी विसरलेले नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला, त्याची वाट कारंज्याजवळूनच जाते, आणि रस्ता रुंद झाला की अपघातही मोठे होतात. प्रसूती तर बारा महिने चोवीस तास आहेतच. यांतील प्रत्येक रुग्णाशी पहिली गाठ पडते ती परिचारिकेची; डॉक्टर पाहून गेल्यानंतर त्याच्यापाशी राहते तीही परिचारिकाच.

सर्पदंशाचेच उदाहरण घेऊ. घोणस चावली असेल तर विषाने रक्त गोठेनासे होते, आणि ते ओळखण्याची जी परीक्षा आहे तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत शिरेतील ताजे रक्त सुमारे दोन मिलिलिटर घ्यावयाचे, नळी न हलवता वीस मिनिटे उभी ठेवावयाची, आणि मग एकदाच कलती करून पाहावयाचे: रक्त वाहिले तर विष भिनले आहे. पुस्तकात हे चार ओळींचे काम आहे, आणि परीक्षेत त्यावर पूर्ण गुण मिळतात. प्रत्यक्षात रुग्णासोबत आठ-दहा माणसे आलेली असतात, त्यांच्यापैकी कोणी दंशाच्या वर करकचून दोरी बांधलेली असते, कोणी आधी मांत्रिकाकडे जाऊन आल्याचे लपवीत असतो, आणि कोणीतरी सारखा विचारतो की नुसती नळी ठेवून बसलात काय, सुई द्या ना! त्या वीस मिनिटांत नळी हलू न देणे, मधल्या वेळात श्वास, नाडी आणि पापण्या पाहत राहणे, सर्पविषप्रतिरोधक लसीच्या कुप्या, उलट प्रतिक्रिया आली तर लागणारे अॅड्रेनॅलिन आणि सलाईनचा सरंजाम तयार ठेवणे, नळी धुतलेली असून तिला साबणाचा अंश राहिला तर परीक्षा फसवते हे ध्यानात असणे, आणि हे सारे करीत असता नातेवाइकांशी शांतपणे बोलणे, ही विद्या एखाद्या जुन्या परिसेविकेच्या बोटांत आणि आवाजात असते. ती तिने कोठे लिहून ठेवलेली नसते. ज्या गावाने शतकानुशतकांची हस्तलिखिते वाळवीपासून वाचवली, त्या गावातही या ज्ञानाची पोथी नाही; आणि ती परिसेविका निवृत्तीवेतनाच्या कागदांवर सही करून घरी गेली की ते ज्ञानही तिच्याबरोबर जाते.

नव्या परिचारिकेच्या या अवस्थेचा पद्धतशीर विचार अमेरिकेत मार्लीन क्रेमर या विदुषींनी प्रथम ठसठशीतपणे मांडला. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा विषयच मुळी हा होता की शिकून तयार झालेल्या परिचारिका हा व्यवसाय सोडून का जातात; आणि त्यांनी काढलेले उत्तर असे की शाळेने शिकवलेली मूल्ये आणि वॉर्डाने मागितलेली कामे यांत इतकी तफावत असते की नवखी मुलगी त्या धक्क्याने आपल्या शिक्षणाला तरी खोटे मानू लागते किंवा रुग्णालयाला तरी. आरंभीचे काही आठवडे नवलाईचे. मग संताप, थकवा, स्वतःविषयी अविश्वास. आणि मग कोणी सावरते, कोणी निबर होते, कोणी निघून जाते. यांतील निबर होणाऱ्यांविषयी आपण फार कमी बोलतो. सोडून गेलेल्या परिचारिकेची जागा रिक्त दिसते, त्यावर निदान पत्रव्यवहार तरी होतो. परंतु वॉर्डात राहून जिने रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहणे सोडून दिले आहे, तिची हजेरी पटावर पूर्ण असते.

दहा वर्षांनी, १९८४ साली, पॅट्रिशिया बेनर यांनी नवशिकेपणापासून निष्णातपणापर्यंतच्या पाच पायऱ्या सांगितल्या. त्यांच्या मते एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षे काढल्यावर परिचारिका सक्षम या पायरीवर येते. त्याआधी ती नियम पाळू शकते, पण नियमांतील कोणता आज महत्त्वाचा हे तिला एकटीने ठरवता येत नाही. हे वाक्य आपल्याकडील व्यवहाराशेजारी ठेवून पाहावे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी परिचारिकेला अकरा महिन्यांचे नेमणूकपत्र मिळते. मुदत सरली की पुनर्नियुक्ती, पुन्हा अकरा महिने. सक्षम होण्यास दोन-तीन वर्षे आणि करार अकरा महिन्यांचा, या दोन आकड्यांतील विसंगती मंत्रालयातील कोणाही कारकुनाच्या नजरेस यावी इतकी ढळढळीत आहे. शिवाय आज प्रसूतिकक्ष, पुढल्या आठवड्यात अपघात विभाग, मग नवजात बालकांचा कक्ष अशी जी ओढाताण रिक्त जागांपायी होते, तिच्यामुळे एकाही ठिकाणी हात बसत नाही. आणि मग वरिष्ठ म्हणतात, हल्लीच्या मुलींना काही येत नाही!

हा शेरा फार जुना असावा असे मला वाटते. निदान ज्यांनी परिचर्येच्या शिक्षणाचा पाया घातला त्यांनी तो गृहीतच धरला होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली जी शाळा निघाली, तिच्यात वॉर्डाच्या सिस्टरांना शिकाऊ मुलींना शिकवण्याबद्दल निराळे मानधन मिळत असे, आणि प्रत्येक मुलीच्या प्रगतीची नोंद ठेवली जात असे. म्हणजे शिकवणे हे काम आहे, ते नेहमीच्या कामावर वरकड म्हणून होत नाही आणि त्याची किंमत द्यावी लागते, हे १८६० साली मान्य झालेले होते. आज आपल्या रुग्णालयांतून नवीन अधिपरिचारिकेला शिकवणाऱ्या परिसेविकेला मानधन तर राहोच, त्यासाठी ड्युटीच्या तक्त्यात अर्धा तासही मंजूर नसतो.

आपल्या प्रांतातील इतिहासही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ साली सुरू झाले आणि डॉ. इडिथ पीची यांनी तेथे परिचारिकांच्या शिक्षणास आरंभ केला. पुण्यात १९०९ साली सेवासदनाची स्थापना झाल्यावर रमाबाई रानडे यांनी ससून रुग्णालयात परिचर्या शिकण्यासाठी मुली पाठवण्यास सुरुवात केली, त्यांत तरुण विधवाही होत्या. चांगल्या घरची बाई परक्या पुरुषाच्या अंथरुणाशी उभी राहणार, या कल्पनेनेच त्या काळी लोकांची झोप उडत असे. तेव्हा रमाबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुसते शिक्षण देऊन हात झटकले नाहीत. त्या मुलींच्या राहण्याची, जेवणाखाण्याची आणि पालकत्वाची व्यवस्था आपल्या अंगावर घेतली. आज तो संशय बराच ओसरला आहे, परंतु त्याबरोबर ती व्यवस्थाही ओसरली. चंद्रपूर किंवा नांदेडकडून कारंज्यास रुजू होणारी मुलगी पहिले आठ दिवस भाड्याची खोली शोधण्यात घालवते, आणि घरमालकीण तिला विचारते की रात्री आठला बाहेर जाऊन सकाळी आठला येणारी नोकरी नेमकी कसली?

वाशिम जिल्ह्यात तर या विषयाचा एक घरचाच दाखला आहे. १९३६ साली अमेरिकेतील नाझरीन मिशनच्या डॉ. ऑर्फा स्पाइकर भारतात आल्या आणि वाशिम येथे, ज्याला त्या काळी इंग्रजी कागदपत्रांत बासिम म्हणत, रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय त्यांनी उभे केले. पुढे जीन डार्लिंग या परिचारिकेने तेथे परिचर्येची शाळा चालवली. मिशनच्या धर्मप्रचाराविषयी कोणाचे काय मत असावयाचे ते असो. पण ज्या वॉर्डात मुलगी शिकली त्याच वॉर्डात, तिला शिकवणाऱ्याच सिस्टरच्या हाताखाली तिने नोकरीचे पहिले वर्ष काढावे, ही सोय अशा शाळांत आपोआप होत असे. शाळा आणि रुग्णालय एकाच कुंपणात असल्यामुळे शिकणे कोठे संपले आणि नोकरी कोठे सुरू झाली हे सांगणे अवघड असे. भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला तेव्हा देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती; त्या मानाने आज शाळा आणि महाविद्यालये कितीतरी पटींनी वाढली आहेत. मात्र त्यांतील पुष्कळांचे वर्ग एका गावी आणि प्रात्यक्षिकाचे रुग्णालय दुसऱ्या गावी असते. एका खाटेभोवती दहा-बारा विद्यार्थिनी कोंडाळे करून उभ्या राहतात, पुढल्या दोघींना दिसते, मागल्यांना पुढल्यांच्या वेण्या दिसतात. आणि चार वर्षांनंतर त्यांतलीच एखादी मान खाली घालून सांगते की व्हेन मी दोनदाच लावली आहे, तीही मॅडमनी हात धरून.

यात तिचा दोष काय? भारतीय परिचर्या परिषदेने बी. एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम २०२१ पासून सत्रपद्धतीचा केला आणि शेवटचे सत्र मुख्यत्वे रुग्णालयातील कामासाठी राखले, जी. एन. एम. च्या तीन वर्षांतही शेवटचे सहा महिने तशाच अनुभवासाठी आहेत. तरतूद चांगली आहे. परंतु विद्यार्थिनीच्या चुकीवर पाठ्यनिर्देशिकेचे लक्ष असते आणि अधिपरिचारिकेच्या चुकीवर तिची स्वतःची सही असते. या दोहोंमधील अंतर कोणत्याही सत्राने भरून निघत नाही. ते भरून काढणे हे नेमणूक करणाऱ्याचे काम आहे.

आता ते काम म्हणजे नेमके काय, हे सांगण्यासाठी वॉर्डातील दोन-तीन साध्या गोष्टींकडे वळतो.

सरकारी रुग्णालयांतून बहुतेक ठिकाणी पाळ्या सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ या वेळी बदलतात, आणि बदलताना जो हँडओव्हर होतो तो घाईचा असतो, कारण जाणारीला एस. टी. गाठावयाची असते. पुष्कळदा तो टेबलापाशी, रजिस्टर समोर ठेवून, तोंडी उरकला जातो: पाच नंबरला आयव्ही चालू, सात नंबरचा रिपोर्ट येणे, नऊ नंबर रेफर होणार. अनुभवी बाईला एवढे पुरते, कारण उरलेले ती खाटेपाशी जाऊन स्वतः पाहते. नवखीला हे पाहावयाचे असते हेच ठाऊक नसते. तोच हँडओव्हर खाटेखाटेपाशी उभे राहून, सलाईनची बाटली, सुईची जागा, लघवीची पिशवी आणि रुग्णाचा चेहरा एकत्र पाहत केला तर दहा मिनिटे अधिक लागतात. त्या दहा मिनिटांत नवी मुलगी जे शिकते ते कार्यशाळेत बसून शिकता येत नाही.

सलाईनच्या थेंबांचेही तेच. एक मिलिलिटरला वीस थेंब पडणाऱ्या संचातून ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यावयाचे तर मिनिटाला साधारण बेचाळीस थेंब, हे गणित प्रत्येकीने परीक्षेत सोडवलेले असते. परंतु पंधरा खाटा, पंधरा बाटल्या, आणि वॉर्डाच्या त्या टोकाकडून हाक येते, “ताई, बाटली सरत आली, हवा तं नाही जाईन ना?” तेव्हा घड्याळ लावून थेंब मोजण्याचे भान राहणे हा सवयीचा भाग आहे. सवय लागण्यापूर्वीच पंधरा खाटा दिल्या, तर सवय लागते ती अंदाजाने चाक फिरवण्याची. आणि एकदा लागलेली ती सवय मोडत नाही. पोटॅशियम क्लोराइडच्या कुपीसारखी गोष्ट तर त्याहून गंभीर: ती पातळ न करता शिरेतून दिली तर हृदय बंद पडू शकते, आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी कुपी त्याच ट्रेमध्ये असू शकते. ती निराळ्या कप्प्यात ठेवावी आणि पहिले काही महिने कोणाला विचारल्याशिवाय तिला हात लावू नये, हा शिरस्ता पाडण्यास पैसा लागत नाही.

आणि तिसरी गोष्ट, रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन करणे. नव्या परिचारिकेची सर्वांत मोठी भीती रक्ताची नसते, मृत्यूचीही नसते. झोपमोड झालेला वरिष्ठ काय म्हणेल याची असते. ‘एवढ्यासाठी उठवलंत?’ हा प्रश्न एकदा ऐकला की पुढल्या वेळी ती अर्धा तास वाट पाहते, आणि प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात अर्धा तास हा फार मोठा काळ आहे. पाश्चात्त्य रुग्णालयांनी यावर एक पद्धत काढली आहे, जिचा उगम अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांत सांगतात: फोनवर चारच गोष्टी क्रमाने सांगावयाच्या, आता काय झाले आहे, रुग्णाची पूर्वपीठिका काय, मला काय वाटते, आणि आपण काय करावे अशी माझी विनंती आहे. यांतील तिसरी आणि चौथी गोष्ट आपल्याकडील मुलींच्या तोंडून निघत नाही, कारण परिचारिकेला ‘वाटणे’ हेच आपल्या श्रेणीबद्ध व्यवस्थेस उद्धटपणाचे वाटते. तेव्हा ही पद्धत मुलींना शिकवण्याआधी डॉक्टरांना शिकवावी, असे माझे नम्र पण पक्के मत आहे.

जबाबदारी मात्र हीच व्यवस्था क्षणात खाली उतरवते. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून रुग्ण दगावले, तेव्हा पुढील काही दिवसांत ज्यांना अटक झाली त्यांत एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका होत्या. त्या प्रकरणाचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे, माझे नव्हे. परंतु त्या बातमीने राज्यभरच्या वॉर्डांतील नवख्या मुलींनी काय बोध घेतला असेल हे समजण्यास न्यायालयाची गरज नाही. महामारीच्या त्याच वर्षी, मे महिन्यात, केंद्र सरकारने बी. एस्सी. आणि जी. एन. एम. झालेल्या मुलींना वरिष्ठांच्या देखरेखीखाली कोविडच्या कामावर पूर्ण वेळ घ्यावे असे ठरवले होते. देखरेखीखाली हे शब्द कागदावर होते. देखरेख करणाऱ्या स्वतःच किती होत्या आणि त्यांपैकी किती अंथरुणाला खिळल्या होत्या, हे ज्या त्या वॉर्डाला ठाऊक.

अन्य देशांनी या बाबतीत काय केले ते थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण परदेशी योजनांची यादी देणे सोपे असते आणि तिचा उपयोग कमी. अमेरिकेत २००२ पासून नव्या परिचारिकांसाठी वर्षभराची रेसिडेन्सी काही मोठ्या रुग्णालयांनी सुरू केली. ब्रिटनमध्ये नवीन परिचारिकेला नेमून दिलेली अनुभवी सोबतीण असते. जपानने २०१० च्या एप्रिलपासून नव्या परिचारिकांच्या रुग्णालयातील प्रशिक्षणासाठी प्रयत्न करणे हे कायद्याने कर्तव्य ठरवले. या तिन्हींमधून घेण्याजोगी बाब एकच: पहिल्या वर्षाला त्यांनी नोकरीतला निराळा कालखंड मानले. आपल्याकडे तो तसा मानलेला नाही. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ साली नवा राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायदा आला. त्याखाली नियम होतील तेव्हा या पहिल्या वर्षाची तजवीज त्यांत व्हावी, अशी अपेक्षा करणे गैर नाही.

परंतु नियमांची वाट न पाहता कारंज्यासारख्या ठिकाणी काय करता येईल, हे पुढील पानांत वॉर्डात हयात घालवलेल्या बायकांनी आपल्या भाषेत सांगितले आहे. त्यातील मला पटलेले तेवढे येथे मांडतो. पहिले तीन महिने नव्या अधिपरिचारिकेचे नाव ड्युटीच्या तक्त्यात असावे, पण माणसांच्या हिशेबात धरू नये. म्हणजे वॉर्डाला दोघी लागत असतील तर दोघी असाव्यात आणि ही तिसरी. हे वाक्य वाचताच अधिसेविका हसतील, कारण त्यांना दुसरीच मिळण्याची पंचाईत असते. मलाही ते ठाऊक आहे. तरीही मागणी हीच करावी, कारण ती न केल्याने आजवर दुसरीही मिळालेली नाही. ते अशक्यच असेल तर निदान पहिल्या तीन महिन्यांत तिला एकटीने रात्रपाळी देऊ नये. वऱ्हाडातला शेतकरी नवा गोऱ्हा जुन्या बैलाच्या जोडीला जुंपतो आणि पहिल्या हंगामात त्याला भारी नांगराला लावीत नाही. उपमा ग्राम्य आहे, परिचारिका भगिनींनी क्षमा करावी, पण तालुक्यातील कोणाही माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरे असे, की सोबतीण नावानिशी नेमावी. सगळ्यांनीच लक्ष द्या असे सांगितले की कोणीच देत नाही, हा सर्व कचेऱ्यांचा अनुभव आहे. जिला नेमले तिच्या गोपनीय अहवालात त्या कामाची नोंद व्हावी आणि तिच्या खाटा तेवढ्या कमी कराव्यात. ही सोबतीण वयाने फार मोठी नसली तरी चालेल. किंबहुना तीन-चार वर्षे झालेली परिचारिका पुष्कळदा अधिक चांगली, कारण आपल्याला काय येत नव्हते हे ती अजून विसरलेली नसते. वॉर्डातील मामा आणि मावशी यांचीही या कामी दखल घ्यावी. रक्तपेढीची पावती कोठे मिळते, रात्री ऑक्सिजनचे सिलिंडर बदलावयाचे तर कोणाला उठवावयाचे, शवविच्छेदनाचे कागद कोणत्या ठाण्याला जातात, हे नव्या सिस्टरला पहिल्यांदा मावशीच सांगतात, आणि त्याबद्दल कोणी त्यांचे आभार मानल्याचे ऐकिवात नाही.

हल्ली मुलगेही या व्यवसायात येऊ लागले आहेत. ‘ब्रदर’ म्हणून त्यांना हाक मारतात. प्रसूतिकक्षात त्यांना प्रवेश नाही, आणि अपघात विभागात दंगा झाला की मात्र सर्वांत पुढे त्यांनाच उभे करतात. रुग्णालयातील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे आणि परिचारिका-परिचारकांनाही त्याचे संरक्षण आहे. परंतु तक्रार कोणी नोंदवावयाची, संस्थेने की मार खाल्लेल्याने, हे रुजू होण्याच्या दिवशी सांगितलेले बरे.

वाशिम येथे २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. त्यामुळे जिल्ह्यात अध्यापक येतील, तज्ज्ञ येतील, आणि उपजिल्हा रुग्णालयांतील परिचारिकांना काही आठवडे तेथे पाठवून शिकवून आणण्याची सोय होऊ शकेल. ती आपोआप होणार नाही. महाविद्यालय डॉक्टरांसाठी आहे आणि परिचारिका तेथे मनुष्यबळ म्हणून आहेत, हीच समजूत कायम राहिली तर कारंज्याच्या मुलीला त्या इमारतीचा उपयोग रुग्ण पाठवण्याचा एक नवा पत्ता एवढाच होईल.

या पुस्तिकेत भाषेचे सौष्ठव शोधणाऱ्याची निराशा होईल. तिची प्रकरणे अधिक-उणी आहेत. सर्पदंशावर सतरा पाने आहेत आणि रजेच्या नियमांवर दीड. काही सूचना एकमेकींशी पटत नाहीत, कारण त्या लिहिणाऱ्यांचेच एकमेकींशी पटत नाही. मी त्यांत हात घातलेला नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक कोरे पान सोडले आहे, ते आपल्या वॉर्डाचे फोन नंबर, औषधांच्या जागा आणि वरिष्ठांच्या सवयी लिहून ठेवण्यासाठी आहे. ते कोरे ठेवू नये. अधिसेविकांना विनंती अशी की ही प्रत दप्तराच्या कपाटात कुलूपबंद न करता नर्सेस टेबलाच्या वरच्या खणात ठेवावी. आणि जे अधिकारी ती वाचतील त्यांनी पुढल्या महिन्याचा ड्युटीचा तक्ता मंजूर करण्यापूर्वी एवढे पाहावे, की रात्रपाळीच्या रकान्यात एकटेच असलेले नाव कोणाचे आहे आणि ती रुजू होऊन किती दिवस झाले.